लाडू जेवत नाही

२०२४ च्या जून महिन्यात क्युपर्टिनोच्या आमच्या घरी एक पाहुणा राहायला आला, तो अजून गेलेला नाही. जायची चिन्हंही नाहीत. या जातीचे पाहुणे वीस-तीस वर्षं सहज मुक्काम ठोकतात, हे ज्ञान आम्हाला तो आल्यावर झालं. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ साली दाखल झालेल्या त्याच्या एका जातभगिनीनं २०२० साली, म्हणजे साठीच्या घरात, अंडी घातली. तीही किमान पंधरा वर्षं नराचं तोंड न पाहता! "मुलगी कॉलेजला गेल्यावर हा कोणाकडे राहणार?" असं सौ.नं विचारलं तेव्हा आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो.

पाहुणा म्हणजे अजगर. मंडळी, लगेच फोन उचलून आमच्याकडच्या भोंडल्याला येणार नाही म्हणून कळवू नका. फ्लोरिडाच्या दलदलीत सुसरींशी मारामाऱ्या करणारा तो बर्मी अजगर वेगळा. त्याच्या आयातीवर आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर अमेरिकन सरकारनं २०१२ साली बंदी घातली. आमचा आहे 'बॉल पायथन'. मूळ गाव पश्चिम आफ्रिका, घाना-टोगो-बेनिनच्या बाजूचा. पूर्ण वाढला तरी चार-पाच फूट. विष नाही, अंगावर धावून येणं नाही. भीती वाटली की डोकं मध्ये घेऊन स्वतःची घट्ट गोळी करून बसायचं, एवढंच त्याला येतं. म्हणून इंग्रजीत 'बॉल', आणि म्हणूनच आमच्या कन्येनं नाव ठेवलं लाडू. आला तेव्हा लांबी पंधरा इंच, वजन ९२ ग्रॅम. दोन बेसनाचे लाडू जास्त भरतील.

कन्या तेव्हा सातवी संपवून सुट्टीत होती. कुत्रा हवा, हा हट्ट दोन वर्षं चाललेला. सौ.ला केसाळ प्राण्यांची अॅलर्जी. मग मुंगसासारखं दिसणारं फेरेट निघालं, तर कॅलिफोर्नियात ते पाळायला कायद्यानं बंदी. (अजगराला नाही. या राज्याचे कायदे कोण करतं कोण जाणे!) अशात एकदा मॅक्लेलन रँचच्या बाजूला फिरताना वाटेवर गोफर स्नेक आडवा गेला. आम्ही दोघं चार पावलं मागे आणि पोरगी चार पावलं पुढे. पंधरा दिवसांनी तिनं आम्हाला सोफ्यावर बसवून सतरा स्लाइड्स दाखवल्या. खर्च, जागा, तापमान, धोके, धोक्यांवर उपाय. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या स्लाइड्सना माना डोलावण्यात गेलेल्या इंजिनियरनं आता नकार द्यायचा तरी कसा? जूनच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही बर्कलीला ईस्ट बे व्हिव्हेरियम नावाच्या दुकानात गेलो आणि लाडूला कापडी पिशवीत घालून घरी आणलं.

आता घरातल्या चौथ्या माणसाविषयी. आमची आई मे महिन्यात सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. बाबा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच येत होती. तिची सगळी नोकरी प्राथमिक शिक्षिकेची, आणि माहेर शिराळा तालुक्यातलं एक खेडं. शिराळा म्हणजे बत्तीस शिराळा, नागपंचमीचं! गोरखनाथ भिक्षेला आले तेव्हा बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून वेळ लागला. नाथांनी तो नागच जिवंत केला, अशी तिथली कथा. तेव्हापासून म्हणे जिवंत नाग पकडून पूजायची प्रथा पडली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग पकडण्यावर बंदी आली, २००२ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि पुढे जिवंत नागांच्या मिरवणुका थांबून प्रतिमेची पूजा सुरू झाली. पण आई लहान असताना मडक्यातून नाग आणायचे, सुवासिनी ओवाळायच्या. तेव्हा नागाच्या मुलखातली लेक पंधरा इंचांच्या गांडुळाला काय घाबरणार, असं आम्ही गृहीत धरलं. तिला आधी विचारलंसुद्धा नाही.

आईनं पिशवीत एकदाच पाहिलं. म्हणाली, "आमच्या घरात पान लागलंय. परत नको." आणि आपल्या खोलीत निघून गेली.

"बाबा, आजी कुठलं पान म्हणतेय?" मुलीनं विचारलं. आमच्या एका हातात थर्मोस्टॅट, दुसऱ्या हातात वायर. "काही नाही गं, गावाकडची जुनी बोलायची पद्धत आहे," म्हणून आम्ही वेळ मारून नेली. 'पान लागणं' म्हणजे साप चावणं, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. साप हा शब्द रात्री उच्चारत नाहीत, जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात, हेही लहानपणापासून ऐकलेलं. त्याच क्षणी हातातली वायर खाली ठेवून "कोणाला?" एवढं एकच विचारायला हवं होतं. ते विचारलं नाही. त्या रात्री आईच्या खोलीच्या दाराखालच्या फटीत आतून टॉवेल कोंबलेला दिसला. सकाळी चहाच्या वेळी ती शांतपणे म्हणाली, "तिकीट अलीकडचं मिळतंय का बघ."

आम्ही बघतो म्हणालो आणि लाडूच्या घराकडे वळलो. काय ते घर! चार फुटांची काचेची पेटी, आत रेझिनचा एक किल्ला (शनिवारवाड्यावर ताण), डोक्यावर उष्णतेचा दिवा, खाली नारळाच्या सोडणांचा भुसा. हा भुसा इथे पिशव्यांतून विकत मिळतो. आईनं लांबूनच पिशवीवरचं चित्र पाहून विचारलं, "ह्याचे पैसे दिलेत?" तेवढंच काय ते तिनं त्या आठवड्यात या विषयावर तोंड उघडलं. सापाचं रक्त थंड, म्हणजे अंगची ऊब नाही. जरा ऊब, जरा गारवा, असं सरकत सरकत तो आपलं तापमान राखतो. म्हणून पेटीचं एक टोक ८८ ते ९० अंशांवर आणि दुसरं ७८ च्या आसपास ठेवायचं. दमटपणा साठ टक्के. आमच्या क्युपर्टिनोची उन्हाळ्यातली हवा म्हणजे भाजलेला पापड, तेव्हा दिवसातून दोनदा पाणी फवारायचं. आम्ही चार सेन्सर लावले. दर मिनिटाला नोंद, फोनवर आलेख. ऑफिसमधल्या कुठल्याही प्रोजेक्टला आम्ही इतकी माया लावली नव्हती. पेटी ठेवली फॅमिली रूममध्ये, टीव्हीशेजारी, सगळ्यांना दिसेल अशी. नवीन पाहुण्याला करमायला नको?

दुकानातल्या मुलीनं निघताना सांगितलं होतं: आठवडाभर हात लावू नका, मग खायला द्या, आणि दोन-तीनदा नीट खाल्ल्याशिवाय उगाच बाहेर काढू नका. आम्ही माना डोलावल्या. पुढच्याच शनिवारी आमच्याकडे पॉटलक होतं. आठवडा तर झालाच की! अकरा मुलं रांगेत उभी राहिली, प्रत्येकानं लाडूला हातात घेतलं, प्रत्येकाच्या आईनं फोटो काढला. लाडू घट्ट गोळी होऊन या ओंजळीतून त्या ओंजळीत प्रसादासारखा फिरला. तो लाजतोय, असं आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगत होतो.

आता जेवणाविषयी. शाकाहारी वाचकांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. लाडूचा आहार म्हणजे गोठवलेले लहान उंदीर. ते पंचवीसच्या पिशवीत मिळतात. पिशवी प्रथम आमच्या फ्रीझरमध्ये, खोवलेल्या खोबऱ्याच्या पाकिटांशेजारी गेली. सौ.नं फ्रीझर उघडला आणि मिटला. "सप्टेंबरात मोदकांचं खोबरं मी इथून काढायचं? आणि शेजारी हे, गणपतीचं वाहन?" त्याच संध्याकाळी गराजमध्ये छोटा वेगळा फ्रीझर आला. उंदीर गरम पाण्यात पिशवीतूनच वितळवायचा, अंगाला ऊब येईपर्यंत, मग लांब चिमट्यानं समोर धरायचा. लाडूच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यांतून त्याला ऊब 'दिसते'. गार उंदीर त्याच्या लेखी दगड.

आम्ही धरला. लाडूनं मान फिरवली. दोन दिवसांनी परत धरला, परत तेच. तिसऱ्यांदा तर त्यानं सरळ किल्ल्यामागे तोंड खुपसलं. दुसरा आठवडा, तिसरा आठवडा. वजन ९२ वरून ९०, ९०वरून ८७. साप महिना-दोन महिने उपाशी राहू शकतो, हे वाचायला ठीक आहे. घरात बारा वर्षांची पोरगी रोज रात्री वजनाच्या काट्यापुढे बसलेली असली की ते वाक्य कामाला येत नाही. एका रात्री ती म्हणाली, "बाबा, त्याला मी नको आहे." त्यानंतर तिचंही ताट अर्धं राहायला लागलं.

सापांना तपासणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंड उघडून पाहिलं, हाताखालून हळूच फिरवलं आणि प्रकृती उत्तम म्हणून सांगितलं. वजनात दहा टक्क्यांची घट होईपर्यंत काळजी करू नका, आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे जरा कमी बघा. आम्ही परत येताना दुकानातून कॅमेरा घेतला. म्हणजे समोर जाऊन बघायला नको, ऑफिसातूनही बघता येईल. इंजिनियरला 'कमी करा' सांगितलं की तो आणखी एक वस्तू विकत आणतो.

इकडे आईच्या तिकिटाची तारीख बदलायला जुलैच्या अखेरची जागा मिळत होती. ती ठरवावी की नाही यावरून आमचं आणि सौ.चं दबक्या आवाजात रोज व्हायचं. साप परत करा, हा सरळ उपाय होता. पोरीनं स्वतःच तो एकदा सुचवला, चेहरा भिंतीकडे करून. आम्ही हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बुकिंगचं पान उघडायचं आणि मिटायचं, असे दहा-बारा दिवस गेले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बे एरियात उष्णतेची लाट आली, ती पुष्कळांना आठवत असेल. आमचं घर साठीच्या दशकातलं, त्यात एसी नाही. इतर वर्षी चालून जातं. त्या शनिवारी रात्री नऊला घरात ९२ अंश होते. पेटीची थंड बाजूही ९० ला जाऊन पोहोचलेली. आमचा फोन दर मिनिटाला कोकलत होता. आम्ही दिवा बंद करून पंखे लावतोय, बर्फाच्या पिशव्या काचेला टेकवतोय, मुलगी जमिनीवर बसून रडतेय. एवढ्यात दाराशी आई येऊन उभी राहिली. चार आठवड्यांत ती या खोलीत आलेली नव्हती; स्वयंपाकघरात जायलासुद्धा बाहेरच्या अंगणातून वळसा घालायची. पेटीकडे न पाहता ती आमच्याकडे पाहत म्हणाली,

"काय मांडलंयस हे? प्रदर्शन?"

आम्ही गप्प.

"बाळंतिणीची खोली बघितलीस का कधी? तू झालास तेव्हा माझ्या माहेरी मला माजघराच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं. खिडकीला पोतं, कोनाड्यात एक दिवा, बाजेखाली शेगडी. बारा दिवस उंबऱ्याच्या आत माणूस येत नव्हतं. उगाच नव्हतं ते. जिवाला अंधार लागतो, ऊब लागते आणि कोणी बघायला यायला नको असतं." मग तिनं एकदा, एकदाच, पेटीकडे हात केला. "हे लेकरू कुठून कुठं आणलंय, आणि तुम्ही ते बत्ती लावून टीव्हीपुढं बसवलंय. गावाला बोलावून दाखवताय. मी तरी जेवेन का?"

शेवटचं वाक्य ती लाडूविषयीच बोलली असेल. पण सौ.नं आमच्याकडे पाहिलं. मे महिन्यापासून आम्ही आईला करमावं म्हणून प्रत्येक शनिवार-रविवारी कुठे ना कुठे नेत होतो. गोल्डन गेट झालं, सतरा मैलांची ती समुद्राकाठची सडक झाली, तेरा घरची जेवणं झाली. मधल्या दिवसांत मेमोरियल पार्कमधल्या आजी-आजोबांच्या घोळक्यात नेऊन सोडत होतो. दर घरी तीच प्रश्नोत्तरं: किती दिवस मुक्काम, काका कशानं गेले, इथे आवडतं का. ताटात वाढलेलं ती चिवडून ठेवायची आणि जागा बदलली की असं होतं, असं आम्ही म्हणायचो. पुढच्या आठवड्याची योसेमिटीची सहल आम्ही त्या रात्रीच रद्द केली.

मग कामाला लागलो. घराच्या मागच्या टोकाला आमची अभ्यासाची छोटी खोली आहे, उत्तरेकडची, सगळ्यात थंड. पेटी तिकडे हलवली. आईनं आपलं एक जुनेर काढून दिलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती पातळ. ते तीन बाजूंनी काचेवर पांघरलं. शनिवारवाडा गराजमध्ये गेला. तो फारच ऐसपैस होता. सापाला भिंती अंगाला लागल्याशिवाय सुरक्षित वाटत नाही, हे पुस्तकात वाचलं होतं आणि तरी आम्ही मोठा घेतला होता, कारण आपल्याला मोठं घर आवडतं. त्याऐवजी काय? सौ.नं कपाट उघडलं. बे एरियातल्या कुठल्या मराठी घरात दह्याच्या रिकाम्या डब्यांची चळत नसते? तापलेल्या सुरीनं दोन डब्यांना कडेला लाडू जाईल एवढं भोक पाडलं, पालथे घातले, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. आत ओलं शेवाळ. कॅमेरा काढायला आम्ही कुरकुर केली, पण काढला. खोलीत जायचं फक्त मुलीनं, दिवसातून दोनदा, पाणी बदलायला आणि फवारायला. काट्यावर ठेवायचं नाही, झाकण उघडून शोधायचं नाही. सेन्सर मात्र राहू दिले. काहीतरी ठेवायलाच हवं होतं.

आम्हाला आमचे टेक्सासातले दिवस आठवले. २००२ साली एम.एस. करायला आलो तेव्हा दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही सहाजण होतो आणि शेवटी आलेल्याच्या, म्हणजे आमच्या, वाट्याला वॉक-इन क्लॉझेट आलं. गादी टाकली की भिंतीला भिंत. वर दुसऱ्यांचे कोट लोंबकळायचे. घरी फोनवर आम्ही 'स्वतंत्र खोली' म्हणून सांगितलं होतं. पण खरं सांगायचं तर पहिल्या सत्रात त्या कपाटाइतकं सुख दुसरीकडे कुठेही नव्हतं. दार ओढून घेतलं की अमेरिका बाहेर राहायची. ब्रेड आणि लिंबाचं लोणचं यापलीकडे दुसरं काही घशाखाली उतरायला तीन आठवडे लागले. त्या काळात तिथल्या एका प्रेमळ मराठी कुटुंबानं आम्हाला दर शुक्रवारी गाडीत घालून लोकांच्या घरी नेलं. त्यांचे उपकार विसरणार नाही. मात्र दर शुक्रवारी दुपारी पोटात गोळा यायचा, हेही तितकंच खरं.

आठवडाभर कोणी काही विचारलं नाही. लाडू पालथ्या डब्यात आहे एवढंच मुलगी सांगायची. एकदा म्हणाली, फक्त नाक बाहेर होतं. १४ जुलैच्या रात्री दहा वाजता घरातले दिवे घालवले. मुलगी एकटीच ऊबदार केलेला उंदीर चिमट्यात धरून आत गेली. आम्ही दोघं बाहेर पॅसेजमध्ये, अंधारात, श्वास रोखून. आई आपल्या दारात, हातात जपमाळ. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मग आतून एक बारीकसा आवाज आला, कॅरमची सोंगटी काठाला लागावी तसा, आणि पाठोपाठ मुलीचा आवाज, कुजबुजत, इंग्रजीत, काय म्हणाली ते कळलं नाही. ती बाहेर आली तेव्हा चिमटा रिकामा होता. आई काही न बोलता दार लोटून आत गेली. सकाळी मात्र तिनं पोरीच्या ताटात तिसरी पोळी वाढली आणि पोरीनं ती खाल्ली. त्या रात्रीपासून टॉवेल दाराखाली नव्हता. आम्हीही तिकिटाचं पान परत उघडलं नाही.

इथवर ही गोष्ट लाडूची. पण ८ ऑगस्टच्या गुरुवारी, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, आईनं उपास केला. दर वर्षी करते. आम्हाला कळतंय तेव्हापासून श्रावणातल्या या चतुर्थीला ती पाण्याखेरीज काही घेत नाही. श्रावणात बायका पुष्कळ उपास करतात, त्यातला एक, इतकंच आम्ही धरून चाललो होतो. मुलीला अशी सवय नाही. तिनं विचारलं, "आजी, आज का नाही खायचं?"

"भावाचा उपास आहे."

"कोणाचा भाऊ?"

"माझा."

आम्हाला एक मामा आहेत, कोल्हापूरला असतात. आम्ही म्हटलं, मामांना बरं नाही का? आईनं मान हलवली. आणि मग मुलीनं, चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजीला, दोन महिने मनात धरून ठेवलेला प्रश्न विचारला, "आजी, तू पान म्हणाली होतीस ना? ते पान त्याला लागलं?"

आई तेव्हा दहा वर्षांची होती, म्हणजे साल १९५९ असेल. धाकटा भाऊ सात वर्षांचा. कडब्याच्या गंजीत कोंबडी अंडं घालायची, ते काढायला त्यानं हात घातला. घोणस होती. आई शेजारीच उभी होती, कारण अंडं कुठे आहे ते तिनंच त्याला दाखवलं होतं. दंडाला दोरी आवळून आधी देवळात नेलं, मग रात्री बैलगाडी जुंपली. मुंबईला हाफकिन संस्थेत सर्पदंशावरचं औषध तेव्हा तयार होत होतं. ते आमच्या त्या मामाच्या वाट्याला आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला. पुढच्या श्रावणात तिच्या आजीनं तिला पाटावर बसवून गंधानं नाग काढायला लावला आणि उपास धरायला सांगितला. व्रताच्या कथेत आहेच ते: सत्येश्वरीचा भाऊ सत्येश्वर पंचमीच्या आदल्या दिवशी गेला, तिनं अन्न सोडलं, आणि तिला भाऊ नागाच्या रूपात दिसला. "मला नव्हता दिसला," आई म्हणाली. "मला राग यायचा. ज्यानं नेलं त्यालाच ओवाळायचं? पण आजीपुढं बोलायची सोय नव्हती. धरला. तो हा पासष्टावा."

आम्ही विचारलं, कधी सांगितलं का नाहीस?

"तू विचारलं नाहीस."

त्यावर बोलण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं. मुलगी उठून अभ्यासाच्या खोलीकडे गेली, परत आली आणि म्हणाली की दार नीट लावलंय, कुलूपही लावते, आजी, तू सांगशील तोपर्यंत. आई म्हणाली, "कुलूप कशाला? त्याला कुठं जायचंय?"

दुसऱ्या दिवशी पंचमी. त्या दिवशी काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. आईनं पुरणाची दिंडं उकडली. लाह्या इथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळाल्या. पाटावर तिनं गंधानं नाग काढले आणि मुलीकडून एक काढून घेतला. तो गोळी होऊन बसलेला निघाला. साप दूध पीत नाहीत, ते त्यांना पचत नाही, असं मुलीनं आजीला बजावून सांगितलं. आई म्हणाली, "ठाऊक आहे मला. मी शाळेत शिकवलंय. दाखवायचं त्याला, प्यायचं आपण." मग मुलीनं तिला बेनिन देशातल्या ऊइदा गावच्या सापांच्या देवळाविषयी सांगितलं. लाडूच्याच जातीचे साप तिथे देव म्हणून सांभाळतात, समोर रस्त्यापलीकडे ख्रिस्ती लोकांचं मोठं चर्च. आईला हे फार आवडलं. "तिकडंही करतात होय?" तिनं दोनदा विचारलं, आणि रात्री कोल्हापूरच्या मामांना फोनवर तेच सांगितलं.

ती खोलीत जाऊन लाडूला बघून आली का? नाही. शेवटपर्यंत नाही. आम्ही आग्रह केला नाही. ऑक्टोबरच्या शेवटी ठरल्या तारखेला ती परत गेली. जुनेर इथेच ठेवून गेली. लाडू तेव्हा दोनशे ग्रॅमच्या वर गेला होता आणि दह्याच्या डब्यातून श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात राहायला गेला होता. मध्यंतरी त्यानं कात टाकली, डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खी, डोळ्यांवरच्या काचांसकट. दमटपणा बरोबर असल्याची ती पावती, म्हणून आम्ही खूश. आईला ती हवी होती. गावाकडे धान्याच्या कणगीत ठेवतात म्हणाली. विमानातून अशा वस्तू न्यायला कागदपत्रं लागतात, असं आम्ही समजावलं. ती वहीत दाबून मुलीच्या कपाटात आहे.

रविवारी रात्री साडेआठला आम्ही सांगलीला फोन लावतो. तिकडे सकाळ असते, आई अंगणात खुर्ची टाकून बसलेली असते. आमच्याशी दोन मिनिटं, सौ.शी पाच मिनिटं, मग फोन मुलीच्या हातात. परवा आम्ही पलीकडच्या खोलीतून ऐकत होतो. आई मोठ्यानं विचारत होती, "काय गं, साप जेवला का?"

"आजी, हळू," मुलगी म्हणाली. "इकडे रात्र झालीय. जनावर म्हण."